बुजगावण्याच्या अंगातलं चिलखत

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. बचत गटाच्या बैठकीसाठी इंदापूर तालुक्यात गेले होते. कळसच्या पुढे रस्ता सोडून आत वळलं की डाळिंबाच्या बागा आणि मधूनच बाजरीची रानं लागतात. वस्तीवर पोचायच्या आधी एका बाजरीच्या रानात मला एक माणूस उभा दिसला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, डोक्यावर टोपडं, दोन्ही हात पसरलेले. करोनाच्या वॉर्डातले डॉक्टर थेट बाजरीत येऊन उभे राहिलेत की काय, असं वाटलं! जवळ गेले तर ते बुजगावणं.

बैठक ज्यांच्या ओसरीवर होती, त्या वहिनींना मी विचारलं, "हे काय नवीन?"

"अहो ताई, ते फवारणीचं किट. एका शिबिरात फुकट मिळालं होतं. आमच्या ह्यांनी दोनदा घातलं, तिसऱ्यांदा बुजगावण्याला चढवलं. पाखरं मात्र लई घाबरत्यात!"

सगळ्याजणी खो खो हसल्या. मीही हसले. पण समाजकार्य करणाऱ्या बाईला उपदेशाची खोड असतेच. मी लगेच सुरू केलं, "अहो, जीव वाचवायला दिलेली वस्तू अशी वाया घालवायची का?" तेवढ्यात वहिनींचे यजमान गोठ्यातून आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही एकदा घालून बघा. अर्धा तास टिकलात, तर उद्यापासून मी घालतो."

आता माघार कशी घ्यायची? शेजारच्या घरात तसंच एक किट पिशवीही न फोडता खुंटीला टांगलेलं होतं. ते आणलं. पहिलीच अडचण अशी, की साडीवर तो सूट चढेचना. मग वहिनींच्या मुलीचा पंजाबी ड्रेस घातला, त्यावर सूट, हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क. पाठीवर अर्धा भरलेला पंप, त्यात नुसतं साधं पाणी. आणि निघाले डाळिंबाच्या ओळीतून.

पाच मिनिटांत चष्म्यावर वाफ धरली. दहा मिनिटांत पाठीवरून घामाचे ओघळ. मोजे इतके मोठे, की पंपाचा दांडा नीट धरता येईना. पंधराव्या मिनिटाला कानात गुंई गुंई सुरू झालं. अठराव्या मिनिटाला मी बांधावर बसले आणि ते टोपडं ओरबाडून काढलं. वहिनींनी तांब्याभर पाणी दिलं. यजमान हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "आम्हाला सकाळपासून चारशे झाडं मारायची असतात, ताई."

मैत्रिणींनो, त्या दिवशी माझा उपदेश माझ्याच घशात अडकला. आजवर आपण समजत होतो, की शेतकरी निष्काळजी आहे, अडाणी आहे, म्हणून तो सूट घालत नाही. पण जो सूट माणसाच्या अंगावर अर्धा तास टिकत नाही, त्यात दोष माणसाचा की सुटाचा?

हा विषय माझ्यासाठी नुसता बैठकीतला नाही, घरातला आहे. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या डाळिंबाच्या बागेत धाकट्या दिरांनी दिवसभर फवारणी केली. अंगात बनियन आणि हाफ पँट, नाकाला रुमाल. संध्याकाळी घरी आले ते डोकं धरून. उलट्या सुरू झाल्या. घामाने अंथरूण भिजलं. तोंडातून लाळ गळायला लागली. "ऊन लागलं असेल," असं म्हणत मी लिंबू सरबत करून दिलं! ते म्हणाले, "वहिनी, मला धूसर दिसतंय." तेव्हा कुठे आम्ही घाबरलो आणि त्यांना बारामतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं औषध मारलं? बाटली आणलीय का?" बाटली कुणी आणली नव्हती. तिच्यावरचं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. ॲट्रोपिनची इंजेक्शनं वेळेवर मिळाली, म्हणून भाऊजी वाचले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचे ते कपडे उचलले आणि मुलांच्या शाळेच्या गणवेशाबरोबर एकाच बादलीत भिजवले. हाताने चोळून धुतले. दोन दिवस माझे हात चुरचुरत होते, डोकं जड होतं. मला वाटलं, जागरण झालंय. विषाने बाधा झालेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे मी नुसत्या हातांनी धुतले, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी बी.ए. झालेली, गावोगाव बायकांना आरोग्याचं सांगत फिरणारी. ही माझी तऱ्हा, तर इतरांना काय बोलणार?

याचं एक कारण आपल्या बोलण्यातच आहे. आपण कीटकनाशकाला काय म्हणतो? 'औषध'! "औषध मारायला गेलेत", "औषध आणायचंय", "औषधाचा वास येतोय". पिकाला ते औषध असेलही, पण माणसाला ते विष आहे. आता औषधाला कोण घाबरणार? ते अंगावर उडालं तर कोण धावत जाऊन धुणार? बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी विषारी. किराणा दुकानात आपण पाकिटावरची तारीख बघतो, पण गोठ्याच्या फळीवरच्या बाटलीचा रंग कितीजणी बघतो?

विष फक्त नाकातोंडातून जातं, हाही एक गैरसमज. म्हणून तर नुसता रुमाल बांधला की आपल्याला सुरक्षित वाटतं. फवारणाऱ्या माणसाच्या शरीरात विष जायची मोठी वाट म्हणजे कातडी. त्यातही सगळी कातडी सारखी नसते. तळहातापेक्षा कपाळाची, मानेची आणि जांघेतली कातडी कितीतरी जास्त शोषून घेते. गळक्या पंपातून पाठीवरून खाली ओघळणारं पाणी नेमकं कुठे जातं, ते आपण जाणतोच. घामाने भिजलेल्या, तापलेल्या अंगात ते आणखी लवकर मुरतं. ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं शरीरातल्या एका महत्त्वाच्या एन्झाइमचं काम बंद पाडतात. मग नसांकडून येणारे निरोप थांबतच नाहीत. घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, शेवटी श्वास. भाऊजींचं तेच झालं होतं.

म्हणजे सूट हवाच. त्याबद्दल वाद नाही. आणि हे सांगणारी मी काही पहिली नाही. आपल्या देशाचा कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. त्यातल्या ३९ व्या नियमात स्पष्ट लिहिलंय, की कीटकनाशक बनवणाऱ्या, वाहून नेणाऱ्या आणि फवारणाऱ्या माणसाला संरक्षक कपडे हवेत. ते कापड विष आत झिरपू न देणारं हवं, आणि धुता येईल असं हवं. टोपी, मनगट ते कोपर यांच्या निम्म्यापर्यंत पोचणारे रबरी मोजे, चष्मा, बूट, सगळी यादी आहे. म्हणजे हा सूट कागदावर अर्ध्या शतकाहून जास्त काळ शिवून तयार आहे. माणसाच्या अंगावर मात्र तो आला नाही.

तो न आल्याची किंमत २०१७ साली यवतमाळने मोजली. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती. त्या झाडोऱ्यात शिरून, वर तोंड करून फवारणी करताना विष अंगावर पडत होतं. वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले, कितीतरी जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यानंतर किट वाटपं झाली, शिबिरं झाली, फोटो निघाले. आणि त्यातलीच काही किटं आज खुंटीवर आहेत, काही बुजगावण्याच्या अंगात.

असं का होतं, याचा मी जरा शोध घेतला. तेव्हा कळलं, की संरक्षक सूट ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. तुम्ही म्हणाल, अंगाला प्लॅस्टिक गुंडाळलं की झालं! पण आपल्या घरातला माठ आठवा. माठ पाझरतो, वरचं पाणी वाऱ्याने उडतं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. त्याच माठाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, पाणी गार होईल का? माणसाचं शरीरही असंच. घाम नुसता येऊन भागत नाही, तो उडून जावा लागतो. बाहेरचा थेंब आत येऊ न देणारं कापड बहुधा आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. विष अडवावं तर उकाडा मारतो, उकाडा टाळावा तर विष मारतं. सूट बनवणाऱ्यांची सगळी लढाई या दोन गोष्टींमधली आहे.

इतिहास बघितला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई फुल्यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं. त्याच प्लेगने त्या गेल्या. त्यांच्या अंगावर कसलं कवच होतं? काही नाही. पुढे १९१०-११ मध्ये मांचुरियात प्लेग पसरला. तिथे डॉ. वू लिएन-ते यांनी कापूस आणि जाळीच्या कापडाचे थर घालून मास्क बनवला आणि डॉक्टर-नर्सना तो बांधायला लावला. नंतर सैन्यासाठी विषारी वायूपासून वाचवणारे सूट निघाले. मग रसायनांच्या कारखान्यांसाठी निघाले. कागदासारखं दिसणारं पण न फाटणारं ते पांढरं कापड, टायव्हेक, १९५५ मध्ये अमेरिकेत एका प्रयोगशाळेत सापडलं आणि १९६७ पासून बाजारात आलं. आज जगभर पांढरे सूट दिसतात, ते त्याच घराण्यातले. सैनिकासाठी सूट झाला, कामगारासाठी झाला, डॉक्टरसाठी झाला. शेतकरी मात्र रांगेत कायम शेवटी उभा.

आणि मनात आणलं तर काय होतं, ते २०२० साली आपण डोळ्यांनी पाहिलं. करोना आला तेव्हा आपल्या देशात पीपीई किट जवळपास बनतच नव्हतं. दोन-तीन महिन्यांत रोज लाखोंनी बनायला लागलं. मुंबईत नौदलाच्या वैद्यकीय संस्थेने 'नवरक्षक' नावाचा सूट तयार केला. त्याचं कापड हवा खेळती ठेवणारं. शिवणीवर महागडी टेप चिकटवायची यंत्रंही त्याला लागत नाहीत, साधं शिवणकाम येणाऱ्याला तो शिवता येतो. पुण्यात एक डॉक्टर आई रुग्ण तपासून घरी यायची, ती सुटाच्या आत घामाने चिंब भिजून. तिचा मुलगा निहालसिंग आदर्श तेव्हा मुंबईच्या सोमय्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने कमरेला बांधायचं एक छोटं यंत्र बनवलं. ते बाहेरची हवा गाळून सुटात सोडतं. आईचा घाम मुलाने पाहिला, म्हणून ते यंत्र निघालं!

माझं म्हणणं इथेच आहे. सूट घालणाऱ्याचा घाम सूट बनवणाऱ्याला दिसला, की सूट सुधारतो. बांधावरचा घाम कुणाला दिसतो?

असं नाही, की कुणीच पाहिलं नाही. बंगळुरूच्या 'इनस्टेम' या सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांनी काही वर्षं यावर काम केलं. आधी त्यांनी अंगाला लावायचं मलम तयार केलं आणि मग कापड. या कापडाच्या धाग्याला ऑक्झाइम नावाचं रसायन पक्कं जोडलेलं असतं. ऑर्गनोफॉस्फेटचा थेंब त्यावर पडला, की त्याचे रेणू तिथेच तुटतात आणि त्यांचं विष मरतं. थेंब नुसता अडवायचा नाही, तर कापडातच निकामी करायचा. त्यामुळे प्लॅस्टिक गुंडाळायची गरज कमी होते. या कापडाचा 'किसान कवच' नावाचा सूट डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीत केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते जाहीर झाला. धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतो, किंमत ४,००० रुपये.

बातमी वाचून मला खरंच आनंद झाला. आपल्या देशात, आपल्या शेतकऱ्यासाठी, इतकं डोकं लावून कुणी कापड विणलं! पण सवयीने हिशेबही मांडला. चार हजार रुपये बागायतदाराला जड नाहीत, एका फवारणीच्या औषधांचं बिल कधी कधी याच्या वर जातं. पण फवारतो कोण? बहुतेक वेळा रोजाने आलेला मजूर. त्याने चार हजार कुठून आणायचे? आणि मालकाने एक सूट घेतलाच, तरी दुसरा प्रश्न उरतो. तो माझा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

सूट एक आणि माणसं दोन. त्या दुसऱ्या माणसाचं काय?

आमच्या भागात एचटीपी पंपाने फवारणी करताना गन पुरुषाच्या हातात असते आणि मागून नळी ओढायला बाई असते. बहुतेक वेळा त्याची बायकोच. वाऱ्याने उडालेला फवारा आधी त्याच्या अंगावर आणि लगेच तिच्या अंगावर. टाकीत पाणी ओतणारी तीच, काठीने, आणि कधी कधी चक्क हाताने ढवळणारीही तीच. आणि बाटलीतलं औषध फवाऱ्यातल्या पाण्यापेक्षा कितीतरी जहाल असतं! पण कागदोपत्री ती 'फवारणी करणारी' नाही. म्हणून किट मिळतं ते एक, त्याच्या मापाचं.

द्राक्षाच्या बागा बघा. बोरीच्या बाजूला ऑक्टोबरची छाटणी झाली, की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावतात. त्या पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाइड असतं. ते कातडीला भाजतं, डोळ्यांना इजा करतं. त्या काळात कुणी दारू प्यायली, तर चेहरा लालबुंद होऊन, छाती धडधडून माणूस आडवा होऊ शकतो. हे किती मजुरांना सांगितलं जातं? आणि पेस्ट लावायला, घड बुडवायला, विरळणी करायला बायकांच्या टोळ्याच असतात. फाटके मोजे, नाहीतर हाताला बांधलेली दुधाची पिशवी. त्याच हाताने दुपारची भाकरी मोडायची. एखादी दोन जिवांची असते, एखादीचं तान्हं बांधावर झोळीत असतं.

आणि शेवटी, धुणं. ते तर आपल्याच नावावर सात जन्मांचं लिहिलेलं! सूट कितीही चांगला असला तरी त्याने अडवलेलं विष कुठे जातं? कुणीतरी ते धुतं. धुता येण्याजोगा सूट म्हणजे काय, तर घरातल्या बाईच्या हाताने धुतला जाणारा सूट. पण कुठल्या किटात मी धुणारीसाठी मोज्यांचा एक जोड पाहिलेला नाही. धुण्याच्या सूचना असतील, तर त्या इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत.

म्हणून मला वाटतं, की आता नुसती किटं वाटून भागणार नाही. सूट कसा असावा, हे ठरवताना तो घालणारा, त्याच्यामागे नळी ओढणारी आणि तो धुणारी, या तिघांना विचारायला हवं. जगात तसा विचार सुरू झालाय. फवारणी करणाऱ्यांच्या कपड्यांसाठी २०११ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि २०१७ मध्ये सुधारलं गेलं. त्यात कामाप्रमाणे कपड्याचे तीन स्तर केलेत. कमी धोक्याला हलका कपडा, जास्त धोक्याला जाड, आणि बाटलीतलं जहाल औषध हाताळताना त्याहून पक्का. हे किती शहाणपणाचं आहे! आपण स्वयंपाकघरात असंच करतो ना? फोडणी देताना पदर खोचतो, गरम पातेलं उचलताना सांडशी घेतो, सगळ्याला चिलखत घालत नाही. औषध कालवताना पुढून जाड एप्रन, लांब मोजे आणि चष्मा. फवारताना पाणी न शोषणाऱ्या पण हवा जाणाऱ्या कापडाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट-पँट. एवढी वाटणी केली, तरी उकाड्याचं अर्धं रडगाणं मिटेल.

आणि याला दिल्ली-बंगळुरूकडेच बघायला हवं असंही नाही. आपल्या बारामतीच्या एमआयडीसीत टेक्सटाइल पार्क आहे. तिथे यंत्रांवर शिवणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. आपल्याच लेकीसुना. त्या मोठमोठ्या कंपन्यांचे कपडे शिवतात, मग आपल्या नवऱ्याच्या, भावाच्या मापाचा फवारणीचा सूट त्यांना का शिवता येणार नाही? आणि बाईच्या मापाचाही, साडी नेसणाऱ्या बाईला घालता येईल असा. माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. पिकं आणि जनावरं ऊन किती सोसतात, याचा तिथे अभ्यास चालतो. तिथल्या शास्त्रज्ञांना माझी विनंती आहे, की सुटाच्या आतला माणूस भाद्रपदात किती ऊन सोसतो, तेही एकदा मोजा. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात 'कृषिक' प्रदर्शन भरतं, त्याला आपण गाड्या भरून जातो. ट्रॅक्टर बघतो, बियाणं बघतो. तिथे एक कोपरा असा असू द्या, की जिथे बायांनी आणि बाप्यांनी सूट घालून बघावेत, पाठीवर पंप घेऊन दहा मिनिटं चालावं आणि काय टोचलं, कुठे उकडलं, ते मोकळेपणाने सांगावं.

सरकारकडेही मागणं आहे. ठिबकला अनुदान मिळतं, ट्रॅक्टरला मिळतं, मग सुटाला का मिळू नये? आणि ते एका सातबाऱ्यामागे एक असं नको, रानात जेवढी माणसं उतरतात तेवढ्यांसाठी हवं. मजुरासाठी सूट देणं हे मालकाचं काम, हे आपण बागायतदारांच्या बायकांनी घरात ठणकावून सांगायला हवं. रोजंदारीत चहा धरतो ना? मग मोजेही धरा.

एक मात्र सांगून ठेवते. सूट आला, म्हणजे आता कितीही मारा, असं होऊ नये. आधी गरज आहे का ते बघा, मग कमी विषारी निवडा, मग वारा आणि वेळ बघा, आणि सर्वात शेवटी सूट. आणि एका धोक्याचा सूट दुसऱ्या धोक्याला चालत नाही. मार्च २०२३ मध्ये आपल्याच बारामती तालुक्यात, खांडजला, जनावरांच्या मलमूत्राच्या टाकीत उतरून चार जण गेले. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा. तिथे नुसत्या मास्कने काही झालं नसतं. वायू भरलेल्या टाकीत बाहेरून हवा पुरवणारं उपकरणच लागतं, आणि ते नसेल तर उतरायचंच नाही, एवढाच नियम. कितीही जिवाचं माणूस आत असलं, तरी. हे लिहितानाही हात कापतो, पण घराघरात सांगायला हवं.

तोवर आपल्या हातात काय आहे? फवारणीचे कपडे वेगळे ठेवा. वेगळी बादली, तीही खूण केलेली. धुताना हातात रबरी मोजे. आधी नुसत्या पाण्याने खंगाळायचे, मग गरम पाणी आणि पावडर, मग कडक उन्हात वाळवायचे. ते पाणी विहिरीकडे किंवा पाटाकडे जाऊ द्यायचं नाही. घरचा माणूस रानातून आला, की आधी साबणाने अंघोळ, मग चहा, मग नातवाला उचलणं. रिकामी बाटली तीनदा विसळून, ते पाणी टाकीतच ओतून, बाटलीला भोक पाडायचं. आणि चक्कर, घाम, लाळ, उलटी असं काही दिसलं, तर सरबत करत बसू नका. कपडे उतरवा, अंग धुवा आणि बाटली हातात घेऊन दवाखाना गाठा. मी केली ती चूक तुम्ही करू नका.

मागच्या महिन्यात त्या वस्तीवर पुन्हा गेले होते. आमच्या गटातल्या शिवणकाम येणाऱ्या दोघींनी जुन्या छत्रीच्या कापडाचे एप्रन शिवलेत, औषध कालवताना पुढून बांधायला. फार शास्त्रीय नाहीत, हे मलाही कळतं. पण ते त्यांच्या मापाचे आहेत, साडीवर बांधता येतात, आणि मुख्य म्हणजे त्या ते बांधतात. वहिनींचे यजमान म्हणाले, "ताई, तुमचा तो कवचाचा सूट आला तर सांगा. पण एक नको, दोन सांगा. नळी ओढायला ही असते."

बाजरी निघाल्यावर बुजगावणंही काढलं होतं. सूट गोठ्यात घडी घालून ठेवलेला दिसला. तो आता पुन्हा पाखरांसाठी बाहेर निघू नये, माणसांसाठी निघावा, आणि तो माणसांच्या अंगात टिकेल असा असावा. एवढं मागणं काही फार नाही ना, मैत्रिणींनो?